सीढीवाली, जहाजवाली आणि भाऊंची चाल

पहिला नंबर मिळवणाऱ्या अल्बमचं छापील नाव मी या लेखात सांगणार नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे कोणी घाईने शेवटचं पान उलटायला नको. नाव कळलं की लोक लेख वाचत नाहीत, भांडायला बसतात. मागे एका हळदीकुंकवाला मी सहज बोलून गेले की आमच्या यादीत अमुक अल्बम सातवा आहे. मी दारातच उभी, आणि समोर घरातल्या तिघी: "सातवा? सातवा कसा काय?" एकीने तर माझ्या कपाळाला लावायचं कुंकू बोटावर तसंच धरून ठेवलं होतं. आधी उत्तर, मग कुंकू.

मी भोपाळच्या एका खासगी एफएम स्टेशनवर म्युझिक मॅनेजर आहे. राजधानी नागपूरहून भोपाळला हलली तेव्हा आजोबा कचेरीबरोबर इथे आले, वडील सचिवालयात लागले, मी तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. हा दरवाजा आम्ही दिवसातून इतक्या वेळा ओलांडतो की मधला उंबरठा दिसेनासा होतो. पुढे घडलं ते त्या उंबरठ्यावरच, म्हणून सांगितलं.

लोकांना वाटतं, निवेदक मनात येईल ते गाणं लावतो. तसं नसतं. रोजची सगळी गाणी आदल्या दिवशी क्रमवार ठरलेली असतात. संगणक एक कच्ची यादी देतो आणि ती मी हाताने दुरुस्त करते. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येऊ द्यायची नाहीत. फार वाजून लोकांना विटलेलं गाणं काही महिने बाजूला ठेवायचं. आम्ही त्याला 'झोपवणं' म्हणतो. जाहिरातींकडेही बघावं लागतं. गादीच्या जाहिरातीनंतर 'रात्रभर झोप नाही' अशा अर्थाचं गाणं संगणक बिनदिक्कत लावतो, मग गादीवाल्याचा फोन मला घ्यावा लागतो. थोडक्यात, मी याद्या करते. किराण्याचीही यादी दुकानातल्या कपाटांच्या क्रमाने करते, त्यावरून घरात माझी चेष्टा होते. होऊ दे. कुणाला दुकानात दोनदा हेलपाटा पडत नाही.

या कामातली एक बोच मात्र आहे. अल्बम म्हणजे कुणीतरी विचार करून एकापुढे एक लावलेली गाणी. पहिलं दार उघडणारं, मधलं बसवून ठेवणारं, शेवटचं उठून जाताना मागे वळायला लावणारं. आणि मी रोज ते अल्बम फोडून गाणी सुटी करते, सोललेल्या वाटाण्यांसारखी. म्हणूनच दिवाळीआधीच्या पंधरवड्यात आम्ही जो कार्यक्रम करतो तो मला वर्षातल्या कुठल्याही सणापेक्षा जवळचा आहे. 'सर्वकाळचे सर्वश्रेष्ठ अल्बम'. श्रोते मतं पाठवतात, त्यातून वरचे दहा निघतात. मग शेवटच्या रविवारी सकाळी श्रोत्यांमधूनच निवडलेले परीक्षक थेट प्रसारणात भांडून त्या दहांचा क्रम लावतात. भांडण खरंखुरं असतं. स्टुडिओत पोहे-जलेबी ठेवलेली असते आणि ती गार होते.

पहिल्या वर्षी आम्ही घोषणा केली, 'आपला महान अल्बम सुचवा'. दुसऱ्या दिवशी तुलसी नगरातल्या एक बाई प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जाडजूड लग्नाचा अल्बम घेऊन रिसेप्शनला हजर. "हमारा भी देख लीजिए," म्हणाल्या, "हमारे यहाँ सब कहते हैं इससे अच्छा किसी का नहीं निकला." आता काय करणार? मी चहा मागवला आणि पूर्ण अल्बम बघितला. वरातीच्या फोटोत बँडवाल्यांचे गाल फुगलेले होते. मी विचारलं, "ये कौन सा गाना बजा रहे थे?" बाईंनी अख्ख्या वरातीची गाणी क्रमाने म्हणून दाखवली. एकही चुकलं नाही. त्यातली सर्वांत जास्त गाणी ज्या अल्बममधली होती त्याला मी त्यांचं मत नोंदवलं. नियमात बसत होतं.

दुसरे म्हणजे सोनागिरीतले मुन्ने भाई. टीव्ही दुरुस्तीचं दुकान, आवाज असा की फोन कानापासून लांब धरावा लागतो, आणि बोलण्याची सुरुवात 'को खां'ने, म्हणजे भोपाळी 'काय राव'ने. त्यांचं म्हणणं, कॅसेटच्या दोन बाजूंना दोन स्वतंत्र नंबर द्या. कारण त्यांच्या लाडक्या अल्बमची दुसरी बाजू पहिलीपेक्षा सरस आहे. "को खां मॅडम, एक घर में दो भाई रहते हैं तो राशन कार्ड अलग बनता है कि नहीं?" हे सिद्ध करायला ते टेपरेकॉर्डर काखोटीला मारून आले होते. मी राशन कार्ड एकच दिलं. तेव्हापासून ते दर वर्षी माझ्यावर नाराज असतात आणि दर वर्षी सर्वांत आधी मत पाठवतात.

त्यांचा लाडका अल्बम म्हणजे 'सीढीवाली'. आमच्याकडे अल्बमची खरी नावं फारसं कुणी घेत नाही, कव्हरवरच्या चित्रावरून बोलतात. सीढीवालीच्या कव्हरवर गायिका एका जिन्याच्या पायरीवर बसलेली आहे. नाचावं असा ठेका, साधे शब्द, पोरांसोरांपासून सगळ्यांना ठाऊक. तिच्यासमोर उभी असायची 'जहाजवाली'. तिच्या कव्हरवर धुक्यातलं जहाज, आत गझला, आणि एकेक ओळ अशी की माणूस गाडी बाजूला घेऊन थांबेल. सगळं शहर या दोन तटांत वाटलेलं आहे, असं त्या पंधरवड्यात तरी मला वाटतं.

जहाजवालीचे सेनापती म्हणजे भाऊ ढोबळे. मूळचे नागपूरचे, इथल्या मोठ्या सरकारी कारखान्यातल्या डिझाइन विभागातून निवृत्त झालेले इंजिनिअर. कारखान्याच्या टाउनशिपमधल्या गणेशोत्सवात पेटीवर बसतात आणि गाणारा कितीही घसरला तरी त्याला सांभाळून आणतात. इतकी वर्षं भोपाळमध्ये काढली, पण भाऊंची हिंदी अजून वाटेतल्या इटारसीच्या पुढे आलेली नाही, असं त्यांच्या पत्नीच म्हणतात. परीक्षकांत ते सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत हट्टी. मला फार उपयोगी. परीक्षक समजूतदार निघाले तर कार्यक्रम पडतो.

गेल्या वर्षी मात्र खेळ वेगळा होता. मुंबईच्या मुख्य कार्यालयाने ठरवलं होतं, सगळ्या शहरांना एकच यादी. ती तयार होऊन आमच्या संगणकात येऊनही पडली होती, फक्त बटण दाबायचं. आमचे स्टेशन प्रमुख तिवारीजी यांनी बरंच भांडून शेवटची मुभा मिळवली. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "शुभदाजी, इस बार एक भी शिकायत नहीं आनी चाहिए. गड़बड़ हुई तो उसी मिनट मुंबई की लिस्ट चलेगी, और फिर हमेशा वही चलेगी." म्हणजे बँडवाल्या बाई नाहीत, मुन्ने भाई नाहीत, भाऊ नाहीत. मी मतं दोनदा तपासली, परीक्षकांना नियम वाचून दाखवले आणि गुणांच्या कागदावर हिंदीत स्वच्छ रकाने पाडले: धुन, आवाज़, असर.

रविवार उजाडला. निवेदिका रुही हिने एकेक नंबर जाहीर करत तिसऱ्यापर्यंत आणलं. उरल्या दोघी. श्रोत्यांच्या मतांत सीढीवाली किंचित पुढे होती. रुहीने भाऊंना माइक दिला. भाऊ पुढे सरसावले. मी काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये कानाला हेडफोन लावून बसले होते.

"देखिए, मेरा साफ कहना है," भाऊ म्हणाले. "ये सीढ़ीवाली को सब मिल के ऊपर चढ़ा रहे हैं. पर इसमें चाल किसकी है, कैसी है, ये कोई पूछता ही नहीं. अरे, पहले नंबर का सारा खेल ही चाल का होता है!"

मला काही म्हणजे काही खटकलं नाही. उलट मी मान डोलावली. बरोबर मुद्दा, म्हटलं.

समोरच्या फोनचे सगळे दिवे एकदम लागले. रुहीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यातला जीव गेला. तिने पहिला फोन घेतला. मुन्ने भाई.

"को खां! पंद्रह दिन से पूरा मोहल्ला वोट डाल रिया है, और आपका आदमी खुद बोल रिया है कि सारा खेल चाल का है? किसकी चाल है? नाम बताओ!"

भाऊ खूश झाले. कुणीतरी मुद्द्याला धरून विचारत होतं. "नाम क्या बताना? संगीतकार का नाम कवर के पीछे छपा है!"

"यानी संगीतकार भी मिला हुआ है?"

"मिला हुआ? अरे, चाल बनाई ही उसने है! और ठीक से बनाई भी नहीं. चाल देखनी है तो जहाज़वाली की देखो. ऐसी चाल, कि इतने साल हो गए, आदमी उसमें से निकल नहीं पाता!"

"तौबा! जहाज़वाली में भी चाल है?" मुन्ने भाईंचा आवाज हेडफोन फाडून आला. "मॅडम किधर हैं? लिस्ट वाली मॅडम को बुलाओ!"

तोवर तिवारीजी केबिनमधून धावत आले होते. एका हातात मोबाइल, त्यावर मुंबई. मी रुहीला खूण केली, तिने जाहिराती सुरू केल्या. आमच्या हातात फक्त जाहिराती संपेपर्यंतचा वेळ होता.

"ये लाइव पर बोल रहे हैं कि लिस्ट फिक्स है!" तिवारीजींना धाप लागली होती. "या तो इनको हटाओ, या मैं बटन दबाता हूँ."

मी स्टुडिओचं दार ढकललं. "भाऊ, अहो काय बोलताय तुम्ही? कोणी केलाय हा उद्योग?"

"कसला उद्योग?"

"तुम्हीच म्हणताय ना, चाल आहे म्हणून!"

"मग? गाण्याला चाल नसते?" भाऊंनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी पेटीला पट्ट्या कशाला म्हणून विचारलं होतं. "ते सगळे ठेक्यावर नाचतात गं. चालीकडे कुणाचं लक्षच नाही. मी चालीबद्दल बोलतोय."

आणि माझी ट्यूब पेटली. मराठीत गाण्याला चाल लावतात. हिंदीत चाल खेळतात, शत्रूवर. आम्हाला चाल म्हणजे धुन, त्यांना चाल म्हणजे डाव, कारस्थान. भाऊ मघापासून स्वरांबद्दल पोटतिडकीने बोलत होते आणि सगळं भोपाळ ऐकत होतं की यादीत कट आहे, संगीतकार कटात आहे, आणि जहाजवालीचा कट तर इतका जबरदस्त की वर्षानुवर्षं कुणी त्यातून सुटलेलं नाही.

मला हसू फुटलं. ती वेळ नव्हती, पण फुटलं. मी तिवारीजींना सांगितलं, "सर, मराठी में चाल मतलब धुन. ट्यून."

"तो धुन बोलते ना!" तिवारीजी जवळजवळ रडवेले झाले. "अब कौन मानेगा? बाहर समझाओगी तो बोलेंगे, पकड़े गए तो बहाना बना रहे हैं."

त्यांचं खरं होतं. भाऊंच्याही लक्षात आलं होतं. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला आणि उठले. "शुभदा, माझ्यामुळे यादी जायला नको. मी निघतो."

"बसा भाऊ."

"अगं, पण..."

"बसा म्हटलं ना. चालीबद्दल बोललात, आता चाल ऐका."

माझ्या डोक्यात तेवढ्यात सगळा क्रम लागला होता. समजावून सांगायचंच नाही. लोकांनाच गुणगुणायला लावायचं. शब्द नाही, नाव नाही, वाद्य नाही. फोनवर फक्त धुन, आणि भाऊंनी ती ओळखायची. दोन्ही तट ऐकतील. जी चाल शब्दांवाचून उभी राहील तिला पहिला नंबर, सर्वांच्या कानांसमोर. यात लबाडीला जागाच नव्हती. गुणगुणणं कोण फिक्स करणार? एवढं मी सगळ्यांना भराभर सांगितलं.

"आणि निकाल तुमच्याविरुद्ध गेला तर?" मी भाऊंना विचारलं.

"तर मी स्वतः सांगीन," भाऊ म्हणाले, आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "जाणार नाही पण."

तिवारीजींचा अंगठा मोबाइलवर होता. मी म्हटलं, "सर, पहला फोन सुन लीजिए. बस एक." मी काचेअलीकडे परत आले आणि जाहिराती संपल्या.

रुही हुशार पोरगी. तिने चाल या शब्दाची सगळी गंमत चार वाक्यांत सांगितली, स्वतः खळखळून हसली, आणि थेट मुन्ने भाईंना फोन लावला. "मुन्ने भाई, भाऊ साहब को आपकी सीढ़ीवाली में धुन नहीं दिखती. सुना दीजिए. बिना बोल के."

"हम?" मुन्ने भाई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "खां, हम तो टीवी सुधारते हैं."

"डर गए?" भाऊ.

"डरे आपके..." आणि मुन्ने भाई थांबले, खाकरले, गुणगुणू लागले. दुसऱ्या बाजूचं पहिलं गाणं. आवाज फाटका, सूर इकडेतिकडे. पण दुसऱ्या ओळीला मी ठेका धरला होता, काचेपलीकडे रुहीची मान हलत होती, आणि दारात उभ्या असलेल्या तिवारीजींचा मोबाइल खाली आला होता.

"तीसरी लाइन में नीचे उतरिए," भाऊंच्या तोंडून निघून गेलं. "हाँ. अब वापस ऊपर. हाँ, बराबर!" पेटीवाला तो पेटीवालाच. शत्रूलाही सांभाळून आणत होता.

मग फोन थांबेचनात. रिक्षावाले, कोचिंग क्लासची मुलं, एक आजोबा ज्यांना कवळी लावल्याशिवाय हूं हूं सुद्धा जमेना आणि म्हणून सगळ्या भोपाळने त्यांची कवळी सापडायची वाट बघितली. कुणी शिट्टी वाजवली. एका घरात तिघांनी मिळून गुणगुणलं आणि सासूबाई पुढे निघून गेल्या म्हणून तिथेच भांडण लागलं. मी प्रत्येक फोनपुढे खूण करत होते. इतकी वर्षं गाणी सुटी करून वाटली, आणि आज लोक त्यांच्याच गळ्याने अल्बम परत जोडून आणत होते: एकाचं गाणं संपलं की दुसरा त्याच्या पुढचं धरत होता!

जहाजवालीचेही खूप फोन आले. साकेत नगरहून एक सिस्टर होत्या, हॉस्पिटलातली रात्रपाळी संपवून नुकत्याच घरी आलेल्या. आवाज गोड, सूर पक्का. भाऊ खुर्चीत सावरून बसले, चेहरा उजळला. सिस्टरांनी दोन ओळी सुंदर गुणगुणल्या आणि थांबल्या.

"आगे?" भाऊंनी विचारलं.

"आगे बोल के बिना नहीं आ रहा, सर. शब्द आते हैं, धुन नहीं पकड़ में आती."

"आता है, आता है. ऐसे." भाऊंनी डोळे मिटले आणि स्वतः गुणगुणायला लागले. पहिली ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीशी आले आणि थांबले. परत मागून सुरुवात केली. परत तिथेच. ओठ हलत होते, ते शब्दांचे. सूर येत नव्हता.

आमच्या धंद्यात हवेत शांतता सोडणं हा सगळ्यात मोठा गुन्हा. दोन क्षण काही वाजलं नाही की प्रमुखांचा फोन येतो. त्या सकाळी रुहीने काही बोलायला तोंड उघडलं, तर तिवारीजींनीच काचेतून हाताने थांब म्हणून खूण केली. सगळं शहर एका म्हाताऱ्या माणसाची वाट बघत होतं.

भाऊंनी डोळे उघडले. माइक चालू आहे हे विसरून, काचेतून माझ्याकडे बघत मराठीतच म्हणाले, "शुभदा, इतकी वर्षं मी चाल चाल करत होतो गं. आमची शब्दांवर तरलीय. लिही. सीढीवाली पहिली."

मी लिहिलं. रुहीने त्याचं हिंदी करून सांगितलं, पण गरज नसावी. मुन्ने भाई लाइनवर होतेच. आता ओरडतील, फटाके लावतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "को खां भाऊ, दिल छोटा मत करो. रात को दुकान बंद करके हम भी जहाज़वाली ही सुनते हैं. वोट मोहल्ले की इज़्ज़त का था." भाऊ इतके हसले की रुहीला माइक लांब करावा लागला.

तिवारीजींनी मुंबईचा फोन माझ्यासमोरच घेतला. "शिकायत? नहीं सर, शिकायत तो कोई नहीं. लोग गा रहे हैं." पलीकडून बराच वेळ काही विचारणा झाली. मग ते माझ्याकडे वळले, "पूछ रहे हैं, ये गुनगुनाने वाला कंप्यूटर में कैसे डालते हैं?" आमची यादी आमच्याकडे राहिली. मुंबईची अजून संगणकात पडून आहे, मी तिला झोपवली आहे.

पोहे अर्थातच गार झाले होते. भाऊंनी तसेच खाल्ले, उभ्या उभ्या, आणि हेल्मेट घालून दारापर्यंत गेले. तिथून परत आले.

"दुसरी ठेवलीस ना?"

"दुसरी, भाऊ."

"बरोबर. दुसरीच." त्यांनी हेल्मेट काढून काखेत धरलं. "पण तुझा कागद अपुरा आहे. धुन आहे, आवाज आहे, असर आहे. ज्याच्यावर आमची तरली त्याला रकानाच नाही. हा काय न्याय झाला? रकाना काढ, मग बघतो त्या टीव्हीवाल्याकडे."

मुद्दा बिनतोड होता. यंदाच्या कागदावर मी चौथा रकाना पाडलाय. वर लिहिलंय, 'शब्द'. मराठीत आणि हिंदीत अर्थ एकच, मी दोन्हीकडे विचारून घेतलंय.